विज्ञान विभागाकडे बुंदी

"ताई, बुंदी?"

मी पत्रावळीवरून मान वर केली, तर समोर आकांक्षाचे बाबा. म्हणजे माझा नवरा. हातात स्टीलची बादली, बादलीत वाटी, खिशावर ‘स्वागत समिती’चा पिवळा बिल्ला, आणि नजर माझ्या पत्रावळीवर. तोंडाकडं त्यांनी पाहिलंच नाही. अख्खी पंगत ते तसेच वाढत आले होते, कमरेत वाकून, पत्रावळी पाहत, ताई बुंदी, काकू बुंदी, आणि त्या ओळीत मीही एक ताई झाले. मी काही बोलायच्या आत शेजारी बसलेली शोभाबाई, शाळेच्या कारकून बाबूंची बायको, खिदळलीच. "अगं माय! सर तं बायकोलेच ताई म्हनून राह्यले!" झालं. आमच्या ओळीतल्या बायका हसल्या, समोरच्या ओळीतल्या हसल्या, एकीला तर ठसका लागला. तेव्हा कुठं यांनी वर पाहिलं. मला ओळखायला त्यांना जो एक क्षण लागला ना, तो अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मग हेही हसले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण हसले. "सकाळपासून हेच चालू आहे ना, सवय पडली," म्हणाले, आणि माझ्या पत्रावळीवर एक वाटी जास्तीची रिकामी केली. तेवढ्यात मांडवाच्या त्या टोकाकडून हाक आली, "हरिदास! अरे इकडची पंगत कोरडी बसली, लक्ष कुठी आहे तुह्यं?" आणि हे पळाले. चालले नाहीत, पळाले. बादली मांडीवर आदळत होती आणि पायात चप्पलही नव्हती.

हाक प्रभाकररावांची. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. शाळा भाऊंची, मैदान भाऊंचं, लग्न भाऊंच्या मुलीचं. शाळेला त्या दिवशी स्थानिक सुट्टी लावली होती आणि मास्तरांना नव्हती. हात धुवायला पाणी कुठं आहे ते पाहायला मी पंगतीआधी वऱ्हांड्यातून गेले होते, तेव्हा शिक्षकखोलीतला फळा दिसला. मुख्याध्यापकांच्या वळणदार अक्षरात वर ‘शुभविवाह’, खाली कामाची वाटणी. वरण-भात भाषा विभाग. भाजी-पोळी गणित विभाग. पाणी आणि पत्रावळी उचलणे क्रीडा विभाग. विज्ञान विभागाकडे बुंदी. विज्ञान विभाग म्हणजे आमचे हे, एकटेच. मला तेव्हा हसूच आलं होतं, खोटं कशाला बोलू. पुढं प्रयोगशाळेचं दार उघडं होतं. टेबलांवर बुंदीची पातेली, बेसिनमध्ये कोथिंबीर, आणि परीक्षानळ्यांचा स्टँड कुणीतरी उचलून पायाशी कोपऱ्यात ठेवलेला. ती टेबलं हे स्वतः पुसतात, कुणाला हात लावू देत नाहीत. दहावीची परीक्षा तोंडावर आली होती, आणि मांडवाच्या भानगडीत त्या पोरांचे प्रयोग पंधरवडाभर झालेच नव्हते. हे मला यांनी सांगितलं नव्हतं, आकांक्षाच्या मैत्रिणीच्या भावाकडून कळलं.

शोभाबाई बाई वाईट नाही. हसून झाल्यावर तिलाच कसंतरी झालं असावं. माझ्याकडं सरकली, वांग्याची भाजी पोळीत दाबत हळूच म्हणाली, "नलू, एक सांगू का? राग नको मानजो. तुले माहीतच असंन म्हना." मी म्हटलं, "काय?" तर म्हणाली, "सायन्सची जागा जावयाले देऊन राह्यले म्हनते भाऊ. तोबी बी.एस्सी. बी.एड.च आहे. ग्रँट आली ना आता शाळेले, जागा पक्क्या झाल्या. या हप्त्यात नावं चालली वर्धेले. आमच्या घरचे बोलून गेले चुकून." मी स्टेजकडं पाहिलं. जावई फेटा बांधून बसला होता. गोरा, जरा झोपाळू डोळ्यांचा, हातात नारळ. त्याच्याविषयी मला तेव्हा काहीच वाटलं नाही. मला वाटलं ते या पोळीविषयी, की ही आता घशाखाली उतरते का नाही. आणि मग मी ठरवलं की उतरवायची. सगळं जेवले मी. भात जेवले, मठ्ठा प्यायले, बुंदीचा दाणा ठेवला नाही पत्रावळीवर. उपाशी पोटी मला भांडता येत नाही, मी नुसती रडते. आणि त्या दिवशी रडणं मला परवडणार नव्हतं.

पिपरीच्या घरी परत येईपर्यंत ऊन उतरलं होतं. आकांक्षाला शेजारी खेळायला सोडली आणि मी पायरीवर बसले, लग्नातली साडी न बदलता. अशी मी कधी बसत नाही, मला काम सुचतं, काम नसलं तर काम काढते. पण त्या दिवशी हात चालेनात आणि डोकं थांबेना. हे नोकरीला लागले ते वर्ष आठवत होतं. आमचं लग्न नुकतंच झालेलं. शाळेला ग्रँट नव्हती, भाऊ म्हणाले होते, "मास्तर, आज पोटाले चिमटा घ्या, ग्रँट आली की तुमचंच राज्य." बिनअनुदानाच्या शाळेत कोण सुखानं पगार घेतो? कुणीच नाही. सगळे थांबतात. शिकवण्या करतात, बायकोच्या भावाकडून गहू आणतात आणि थांबतात. आम्हीही थांबलो, आणि थांबण्यातही तेव्हा मजा होती, आज कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. यांच्या शर्टाला ॲसिडची भोकं पडायची. बारीक, मोहरीएवढी, छातीवर आणि बाहीवर. मी रफू करून करून वैतागायची. "काऊन हो, तुमाले ॲप्रन नाई का भेटत?" तर हे म्हणायचे, "नलू, आज जस्ताचा तुकडा टाकला ना, तं पोट्टे बाकावर उभे राह्यले!" आणि जेवता जेवता मला सगळा प्रयोग सांगायचे, ताटातल्या मिठाचा ढीग करून. अंगाला एक तिखट, खोकला आणणारा वास असायचा. मला तो वास आवडायचा, हे मी त्यांना कधी बोलले नाही.

मग भोकं बंद झाली. कधी ते मला नीट सांगता येणार नाही, एका दिवसात थोडंच होतं असलं काही. आधी शर्टावर रंगाचे ठिपके यायला लागले, कारण भाऊ निवडणुकीला उभे होते आणि यांचं अक्षर चांगलं. मग गाडीच्या डिझेलचा वास, कारण भाऊंना नागपूरला सोबत कुणीतरी शिकलेलं लागायचं. मग शेणाचा, कारण शेतावर विहिरीचं काम निघालं आणि मजुरांवर लक्ष ठेवायला विश्वासाचा माणूस पाहिजे होता. भाऊंच्या नातवाची शिकवणी, भाऊंच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, तिला सावंगीच्या दवाखान्यात नेणं, तिथं रांगेत उभं राहणं, विजेचं बिल, रेशनचं रॉकेल. आणि हे सगळं शाळा सांभाळून. तपासणीला साहेब आले की भाऊ यांनाच पुढं करायचे, "हे आमचे सायन्सचे सर," आणि साहेब गेले की, "हरिदास, तेवढी केळी उचलून गाडीत ठेव." यावर एकच शब्द होता भाऊंकडं, घरचा माणूस. "तू काय परका आहे का? तू तं घरचा मानूस." हा शब्द ऐकून हे फुलायचे आणि मीही फुलायची. बायकांत बसले की मी सांगायची, आमच्या यांच्यावाचून भाऊंचं पान हलत नाही. पायरीवर बसून मला पहिल्यांदा असा प्रश्न पडला की घरचा माणूस म्हणजे कोण. घरच्या माणसाला निदान घरात बसायला सांगतात. हे एवढी वर्षं त्या बंगल्याच्या मागच्या दारानं जातात आणि वऱ्हांड्यात उभे राहतात, आणि आत भाऊंचं जेवण होईस्तोवर हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेत राहतात. मी एकदा पाहिलं होतं, हळदीकुंकवाला गेले होते तेव्हा. त्यांनी मला पाहिलं नव्हतं.

मला भाऊंचा राग येत होता, तो तर यायचाच. असा की दात दुखायला लागले, इतके आवळले होते. पण त्याच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं आणि ते मला जास्त भीती दाखवत होतं. तो एक क्षण. बादली, वाटी, आणि मला न ओळखणारे डोळे. रागानं किंवा लाजेनं नजर चुकवली असती तर मला चाललं असतं. तसं नव्हतं. त्या डोळ्यांना तेव्हा पत्रावळीच दिसत होत्या, माणसं दिसत नव्हती. राबवून राबवून भाऊंनी माझ्या माणसाच्या डोळ्यांतून मला पुसून टाकलं होतं. नोकरी गेली तर दुसरी पाहता येते, नाही मिळाली तर मी शिवणयंत्र घेईन, पापड लाटीन, काहीही करीन. पण हा माणूस असाच वापरून वापरून संपला तर मी कोणाबरोबर म्हातारी होणार? शेजारच्या अंगणात आकांक्षा कुणाशी तरी मोठ्यानं भांडत होती, तिचा आवाज ऐकून जरा बरं वाटलं. भांडते आहे पोरगी, चांगलं आहे.

मग मी उठले. साडी बदलली, चूल पेटवली, म्हणजे गॅसच, पण आम्ही चूलच म्हणतो. आणि कणीक मळता मळता माझ्या डोक्यात ते हळूहळू बसलं. आत्तापर्यंत मला वाटायचं दोनच वाटा आहेत. एकतर भाऊंचं सगळं ऐकायचं, नाहीतर नोकरी सोडायची. म्हणून मी गप्प होते. पण जागा आणि चाकरी या दोन गोष्टी कुणी एकत्र बांधल्या? जागा यांची आहे. एवढी वर्षं त्या फळ्यासमोर हेच उभे होते, तो फेटेवाला नव्हता. ती सोडायची नाही. चाकरी सोडायची. घंटा झाली की शाळेत, घंटा झाली की घरी, मधलं जे आहे ते बंद. आणि नाव गाळलं तर वर्धेला जाऊन शिक्षणाधिकाऱ्यासमोर बसायचं. असं म्हटल्यावर मला एकदम हलकं वाटलं. कणीक मात्र फार घट्ट मळली गेली, पोळ्या वातड झाल्या.

हे आले ते दिवेलागणीला. हातात आकांक्षासाठी कागदात बांधलेली बुंदी. आल्या आल्या मोरीवर बसून पाय धुवायला लागले. तळवे काळे पडले होते आणि एका टाचेला चीर गेली होती. मी तांब्यानं पाणी घालत होते.

"तुमाले माहीत होतं?" मी विचारलं.

"काय?"

"सायन्सची जागा. जावयाची."

ते टाच चोळत राहिले. "मांडवाचे खांब रोवले ना, त्या दिवशी समजलं. भाऊच सांगत होते कोनाले तरी. मी मागंच उभा होतो."

"तुमच्यासमोर?"

"मी आहो हे त्यायच्या ध्यानातच नव्हतं."

मला बोलायचं ते सगळं तोंडाशी आलं होतं आणि हे ऐकून सगळं मागं गेलं. मी तांब्या खाली ठेवला. "आनं तरी तुमी बुंदी वाढली?"

"पोरीचं लगन होतं, नलू. आठवीपासून शिकवलं तिले. तिनं काय केलं माह्यं?" आणि मग, मोरीकडंच पाहत, "आनं मले वाटलं, एवढं करून राह्यलो, तं भाऊले मनात काही तरी वाटंन."

हे त्यांनी बोलायला नको होतं असं मला वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, बरं झालं बोलले, नाहीतर ते आतच राहिलं असतं आणि नासलं असतं. मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटत होतं आणि एक दणका द्यावासाही वाटत होता. मी दोन्ही केलं नाही. मी टॉवेल दिला आणि माझं ठरलेलं सांगितलं, एका दमात, घंटा ते घंटा, चाकरी बंद, वर्धेचं ऑफिस. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "भाऊ काढून टाकतीन."

"आता काढाले राह्यलं काय तुमचं?"

आकांक्षा आली, तिनं बुंदीची पुडी सोडली, आणि मूठभर तोंडात कोंबून विचारलं, "बाबा, तुमी वाढत होते? मस्त!" ते हसले. जेवताना फक्त म्हणाले, "पाहू." मला या शब्दाचा इतका संताप आहे! भाऊंनी काहीही मागितलं तर ‘हो’ आणि मी काही मागितलं की ‘पाहू.’ पण मी ताणलं नाही. मनात म्हटलं, तुम्ही पाहत बसा, उद्या गाडी येईल तेव्हा फाटकात मी उभी राहीन. काय बोलायचं ते मी भांडी घासता घासता पक्कं केलं. छोटं, सरळ, आवाज न चढवता बोलायचं वाक्य. ते मी मनात इतकं घोळवलं की त्याची चवच गेली.

गाडी सकाळी आलीच. भाऊंचा ड्रायव्हर लहानू, जीप फाटकाला लावून हॉर्न वाजवत. कालच्या लग्नाचा गुलाल अजून त्याच्या कानामागं होता. मी हात पुसत बाहेर गेले आणि फाटकाची कडी धरून उभी राहिले. हे वऱ्हांड्यात खिडकीला आरसा टांगून दाढी करत होते, अर्ध्या तोंडाला साबण. लहानूनं माझ्याकडं पाहिलंच नाही, माझ्या डोक्यावरून ओरडला, "सर, चाला लवकर! मांडववाला आला आहे. भांडे मोजून द्याचे आहेत, सतरंज्या द्याच्या आहेत. भाऊ म्हनाले, हरिदासले घेऊनच ये." मी तोंड उघडलं. आणि तेवढ्यात माझ्या मागून यांचा आवाज आला. नेहमीचाच, वर्गात हजेरी घेताना असतो तसा, सावकाश.

"लहानू, जावईबुवा आहेत ना बंगल्यावर?"

"आहेत ना सर. झोपून आहेत अजून."

"मंग त्यायले उठव. सायन्सची जागा त्यायले भेटून राह्यली, तं सायन्सच्या सराचं काम बी त्यायलेच सांग."

लहानू हसला. त्याला वाटलं सर गंमत करतात, सर कधी करत नाहीत तरी. मग यांच्या तोंडाकडं पाहून त्याचं हसू अर्ध्यातच थांबलं. "काय बोलता सर. नवऱ्या मुलाले भांडे मोजाले लावू? काल तं लगन झालं त्याचं. जावई आहे तो घरचा, भाऊ मले जित्ता नाई ठेवनार."

हे वस्तरा धुवायला वाकले होते, तसेच म्हणाले. "मीबी कोनाचा तं जावई आहोच ना, लहानू."

बस्स. एवढंच बोलले आणि परत आरशाकडं वळले. मग लहानूनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं, जसं की मी यातून काही वाट काढून देईन. मी कडी सोडली नाही. "असंच सांगू भाऊले?" त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, "असंच सांगजो. एक शब्द कमी नको करू." तो जीप मागं घेत गेला आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन एकदा थांबला, मला वाटलं परत येतो, पण गेला. माझं पक्कं केलेलं वाक्य तोंडातच राहिलं होतं, आणि आज तुम्ही विचाराल तर ते काय होतं हे मला सांगता येणार नाही. मी वळून पाहिलं. यांच्या हनुवटीला लागलं होतं आणि साबणात लाल धार उतरत होती. त्यांनी ती अंगठ्यानं दाबून धरली आणि माझ्याकडं पाहिलं. सरळ, तोंडाकडं.

"तीन वाजता शाळा सुटते," ते म्हणाले. "मंग शिक्षनाधिकाऱ्याकडं जाऊ. तूबी चाल."

मी "चाला" म्हटलं, आणि वर्धेला जाताना कोणती साडी नेसायची ते तिथंच फाटकापाशी ठरवून टाकलं.